ईलचे माहेर

युरोपातील नद्यांत, तळ्यांत आणि नदीमुखांजवळच्या खाड्यांत ईल नावाचा एक मासा राहतो. तो सापासारखा लांब आणि बुळबुळीत असतो. कोकणातील नद्यांत अहीर म्हणून जो मासा सापडतो, तो याच्याच जातकुळीतला. युरोपातील लोक हा मासा हजारो वर्षे आवडीने खात आले आहेत; परंतु त्याची अंडी कधी कोणी पाहिली नव्हती, की अंडी घालावयास आलेली मादी कोणाच्या जाळ्यात सापडली नव्हती. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने ईल चिखलातून आपोआप उत्पन्न होतात असे लिहून ठेवले. रोमन ग्रंथकार प्लिनी याला वाटले की, ईल खडकांवर अंग घासतात आणि त्यांच्या अंगाच्या गळून पडलेल्या कणांतून नवे ईल जन्माला येतात. आज या कल्पनांचे हसू येईल. पण त्या काळच्या कोळ्यांना तरी याहून अधिक काय ठाऊक होते?

त्यांना दोन गोष्टी मात्र पक्क्या ठाऊक होत्या. वसंत ऋतूत समुद्राकडून बोटभर लांबीची, काचेसारखी पारदर्शक पिले लाखोंच्या संख्येने नदीमुखांत शिरत आणि प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढत. शरद ऋतूतील अंधाऱ्या, वादळी रात्री पूर्ण वाढलेले, रुपेरी रंगाचे ईल त्याच नद्यांतून खाली समुद्राकडे जात. एकदा गेलेला ईल पुन्हा नदीत परतलेला कोणी पाहिला नव्हता. जाणारे मोठे ईल आणि येणारी चिमुकली पिले यांच्यामध्ये अफाट महासागर पसरलेला होता. त्या महासागरात काय घडते, याचा शोध घेण्यात ज्यांनी आयुष्याची अठरा वर्षे वेचली, ते डेन्मार्कचे शास्त्रज्ञ म्हणजे योहानेस श्मिट.

श्मिट यांचा जन्म २ जानेवारी १८७७ रोजी डेन्मार्कमधील येगर्सप्रिस या गावी झाला. त्यांचे वडील तेथील मोठ्या जमीनजुमल्याची व्यवस्था पाहत असत. योहानेस लहान असतानाच वडील वारले, आणि त्यांची आई मुलांना घेऊन राजधानी कोपनहेगन येथे आली. तेथे योहानेसला आपल्या मामांचा आधार मिळाला. हे मामा म्हणजे योहान केल्डाल. पदार्थातील नायट्रोजनचे प्रमाण मोजण्याची त्यांनी १८८३ मध्ये शोधून काढलेली पद्धत आजही जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ते कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करीत. एका मद्याच्या कारखान्याच्या मालकाने ती स्थापन केली होती आणि कारखान्याच्या मिळकतीतून शास्त्रीय संशोधनाला मुक्तहस्ताने साहाय्य होत असे. मामांच्या घरी बारीकसारीक मोजमापांचे महत्त्व भाच्याच्या कानांवर अगदी कोवळ्या वयात पडले असावे.

विद्यापीठात श्मिट यांनी वनस्पतिशास्त्र घेतले. युजेन वार्मिंग हे त्यांचे गुरू. १८९९ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते एका मोहिमेबरोबर सयामला, म्हणजे आजच्या थायलंडला, गेले. कोह चांग या बेटावर त्यांनी अनेक वनस्पती गोळा केल्या. खाऱ्या चिखलात पाय रोवून उभ्या राहणाऱ्या खारफुटीच्या झाडांनी त्यांचे लक्ष विशेष वेधून घेतले आणि १९०३ मध्ये त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली ती याच झाडांवरील प्रबंधाबद्दल. तेव्हा कोणी सांगितले असते की, हा तरुण माशांच्या शोधात नाव मिळवील, तर ते खरे वाटले नसते.

त्या सुमारास उत्तर युरोपातील राष्ट्रांनी एकत्र येऊन समुद्राचा पद्धतशीर अभ्यास करण्याचे ठरविले होते. १९०२ मध्ये त्यांचे आंतरराष्ट्रीय मंडळ कोपनहेगन येथे स्थापन झाले. मासळीवर या देशांतील कित्येकांची उपजीविका चालत असे. कोणता मासा कोठे जन्मतो, कोठे वाढतो, केव्हा कोठे जातो, हे कळल्याशिवाय मासेमारीला शिस्त लागणार नाही, अशी त्यांची खात्री पटली होती. या कामासाठी डेन्मार्कने थोर नावाची आगबोट सज्ज केली, आणि श्मिट तिच्यावर दाखल झाले. त्यांच्याकडे आलेले काम ईलचे नव्हते. उत्तर अटलांटिक महासागरात कॉड व इतर खाद्य माशांची पिले शोधणे हे त्यांचे काम होते.

मे १९०४ मध्ये थोर फेरो बेटांच्या पश्चिमेस असताना तिच्यामागून ओढत आणलेल्या जाळ्यात एक विलक्षण पिल्लू सापडले. लांबी सुमारे साडेसात सेंटिमीटर. आकार विलोच्या पानासारखा चपटा. शरीर इतके पारदर्शक की, त्यातून पलीकडचे दिसावे. दुसऱ्या कोणी ते कदाचित पाण्यात परत फेकून दिले असते. श्मिट यांनी ते ओळखले. असली पानासारखी पिले इटलीजवळच्या मेसिना सामुद्रधुनीत पूर्वी सापडली होती, आणि ग्रासी व कालांद्रुच्चो या दोन इटालियन प्राणिशास्त्रज्ञांनी १८९६ मध्ये सिद्ध केले होते की, ती वेगळ्या जातीचे मासे नसून ईलचीच बाल्यावस्था होय. हे पान पुढे आखूड व गोल होते आणि त्याचा काचेसारखा छोटा ईल बनतो. ईल भूमध्य समुद्राच्या खोल पाण्यात जन्मतात, असा त्यावरून समज झाला होता. मग तसलेच पिल्लू थेट उत्तरेकडील फेरो बेटांपाशी कसे आले? हा प्रश्न श्मिट यांच्या मनात जो शिरला, तो पुढे कधी निघालाच नाही.

आता या प्रश्नाचे उत्तर शोधावे कसे? माशाचा माग काढण्याची सरळ रीत म्हणजे माशाला खूण करून सोडणे आणि तो पुन्हा कोठे सापडतो ते पाहणे. बाल्टिक समुद्रात ईलवर हा प्रयोग त्याच सुमारास करून पाहण्यात आला. खुणा केलेले काही ईल डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुन्यांत कोळ्यांच्या जाळ्यांत आले, आणि ते बाल्टिकमधून बाहेर पडण्याच्या वाटेवर होते हे निश्चित झाले. परंतु सामुद्रधुनी ओलांडून ईल एकदा महासागरात उतरला की, तेथे ना जाळे, ना कोळी. खुणेचा मासा पाहणारच कोण? मोठ्या ईलच्या पाठोपाठ जाणे त्या काळी शक्य नव्हते.

श्मिट यांनी मग उलट दिशेने जाण्याचे ठरविले. त्यांचा विचार साधा होता. पिले समुद्रप्रवाहांबरोबर वाहत येतात आणि वाटेत वाढतात. म्हणजे किनाऱ्याजवळ मोठी पिले सापडावीत आणि जन्मस्थानाकडे जावे तसतशी ती लहान होत जावीत. जेथे सर्वांत लहान, नुकतीच अंड्यातून बाहेर पडलेली पिले सापडतील, तेथेच ईलचे जन्मस्थान असले पाहिजे. एवढा हा विचार. पण तो तडीस नेण्यासाठी सारा अटलांटिक महासागर जाळ्याने चाळून काढणे भाग होते, आणि सापडलेले प्रत्येक पिल्लू मोजून त्याची लांबी, जागा व तारीख लिहून ठेवणे भाग होते.

१९०५ पासून थोर बोटीने युरोपच्या पश्चिम किनाऱ्याबाहेरील समुद्रात फेऱ्या घातल्या. तेथे पिले मिळाली, पण ती सारी मोठी. १९०८ ते १९१० या काळात श्मिट भूमध्य समुद्रात गेले. तेथील पिलांची मोजदाद फार बोलकी ठरली. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीजवळची पिले त्यांतल्या त्यात लहान, आणि पूर्वेकडे जावे तसतशी ती मोठी. अगदी लहान पिल्लू एकही नाही. भूमध्य समुद्र हे ईलचे जन्मस्थान असते, तर असे झाले नसते. ही पिले जिब्राल्टरच्या दारातून बाहेरून आत आलेली पाहुणी होती. जन्मस्थान अटलांटिकमध्येच, आणि तेही दूर पश्चिमेकडे कोठे तरी असले पाहिजे, हे आता स्पष्ट झाले.

परंतु थोरसारखी लहानशी बोट भर महासागरात नेणे शक्य नव्हते, आणि मोठे जहाज मिळवावयाचे तर पैसा हवा होता. १९१० मध्ये श्मिट कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील एका विभागाचे प्रमुख झाले होते. तरी जहाज त्यांच्या हाती नव्हते. तेव्हा त्यांनी एक युक्ती योजली. अटलांटिक ओलांडून जाणाऱ्या डेन्मार्कच्या व्यापारी जहाजांच्या कप्तानांना त्यांनी जाळी दिली आणि वाटेत ठिकठिकाणी ती पाण्यात ओढून जे सापडेल ते बाटल्यांत भरून आणण्याची विनंती केली. वीसहून अधिक जहाजांनी हे काम अंगावर घेतले. ज्या खलाशांचा शास्त्राशी काही संबंध नव्हता, त्यांनी माल वाहून नेता नेता महासागराच्या पाण्याचे नमुने असे गोळा केले, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे. त्यांतून मिळालेली पिले थोडी होती. परंतु ती पश्चिमेकडेच बोट दाखवीत होती.

१९१३ मध्ये श्मिट यांना मार्गारेथे नावाचे एक शिडाचे जहाज मिळाले. त्यावरून सातशेहून अधिक पिले हाती आली, आणि त्यांत पूर्वीच्या कोणत्याही पिलांपेक्षा लहान पिले होती. मोहीम रंगात आली असतानाच मार्गारेथे वेस्ट इंडीजमधील सेंट थॉमस बेटाजवळ अडकून फुटले. पिलांचा संग्रह मात्र वाचला. त्यानंतर काही महिन्यांतच, १९१४ मध्ये, पहिले महायुद्ध सुरू झाले. जो समुद्र श्मिट यांना चाळावयाचा होता, त्यात पाणबुड्या आणि सुरुंग यांचा संचार सुरू झाला. दहा वर्षांचा शोध अर्ध्यावर थांबला.

हे दिवस श्मिट यांनी वाया घालविले नाहीत. त्यांच्यापुढे आणखी एक पेच होता. अमेरिकेच्या नद्यांतही ईल असतात, आणि युरोपीय व अमेरिकन ईलची पिले डोळ्यांना सारखीच दिसतात. मग सापडलेले पिल्लू यांचे की त्यांचे? श्मिट यांनी मोठ्या ईलचे मणके मोजले, एकाचे नव्हे, शेकडो ईलचे. युरोपीय ईलला सरासरी सुमारे ११५ मणके असतात, तर अमेरिकन ईलला सुमारे १०७. पिलांच्या पारदर्शक शरीरात मणक्यांऐवजी स्नायूंच्या वळ्या मोजता येतात, आणि त्यांच्या संख्येवरून दोन्ही जाती निराळ्या करता येतात. भिंगाखाली पिल्लू ठेवून शंभरावर वळ्या एकामागून एक मोजणे हे काम मोठे कंटाळवाणे; पण त्यावाचून सारा शोधच डळमळला असता.

मोजण्याच्या याच सवयीतून श्मिट यांनी जाता जाता आणखी एक शोध लावला. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपल्याकडे विहिरींत व टाक्यांत सोडतात, त्या गप्पी माशांत नराच्या पंखावरील एक विशिष्ट ठिपका बापाकडून केवळ मुलग्यांकडेच जातो, हे त्यांनी १९२० मध्ये दाखवून दिले. आनुवंशिकतेच्या शास्त्रात या लहानशा निरीक्षणाला मोठे मोल आहे.

युद्ध संपले. १९२० मध्ये डाना नावाचे मोठे शिडाचे जहाज घेऊन श्मिट पुन्हा निघाले, आणि पुढच्या वर्षी त्याच नावाची एक आगबोट त्यांना मिळाली. आता जाळी थेट वेस्ट इंडीज बेटांच्या ईशान्येकडील पाण्यात पडू लागली. पिलांची लांबी भराभर कमी होत गेली. दहा मिलिमीटर, सात मिलिमीटर, आणि अखेर पाच मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याएवढी ही पिले अंड्यातून बाहेर पडून थोडेच दिवस झालेली होती. नकाशावर श्मिट यांनी निरनिराळ्या लांबीच्या पिलांच्या सीमा वळशांनी दाखविल्या. बाहेरचा वळसा मोठ्या पिलांचा, आतला त्याहून लहान पिलांचा. असे करीत सर्वांत आतला वळसा ज्या पाण्यावर पडला, ते पाणी सारगॅसो समुद्राचे होते.

सारगॅसो हा मोठा विलक्षण समुद्र आहे. त्याला किनारा नाही. चहूंबाजूंनी फिरणारे महासागरातील प्रवाह हीच त्याची कुंपणे. पाणी निळेभोर, आणि त्यावर सारगॅसम नावाच्या पिवळसर तपकिरी शेवाळाचे तरंगते पुंजके. १४९२ मध्ये कोलंबसाच्या खलाशांनी हे शेवाळ पाहिले, तेव्हा जमीन जवळ आली असावी अशी आशा त्यांना वाटली होती. प्रत्यक्षात तेथे खाली पाण्याची खोली कोठे कोठे पाच-सहा हजार मीटर आहे. युरोपच्या किनाऱ्यापासून हे ठिकाण पाच-सहा हजार किलोमीटर दूर आहे. आपल्याकडे लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाते. ईलची मादीही आयुष्यात एकदाच आपल्या माहेरी जाते. फरक एवढाच की, तेथून ती परत येत नाही.

श्मिट यांनी आपला वृत्तांत १९२३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केला. ईलची जीवनकथा आता अशी उलगडली : सारगॅसोत जन्मलेले पिल्लू पानासारखे शरीर घेऊन प्रवाहाबरोबर पूर्वेकडे वाहते. श्मिट यांच्या हिशेबाने पहिल्या उन्हाळ्यात ते सुमारे २५ मिलिमीटर असते, तिसऱ्या उन्हाळ्यात सुमारे ७५ मिलिमीटर होऊन युरोपच्या दाराशी येते. तेथे त्याचे रूप पालटते. पान आखूड होऊन काचेचा ईल बनतो आणि नदीमुखात शिरतो. काही ईल खाडीच्या मचूळ पाण्यातच राहतात. काही नदीतून वर चढत दूरच्या तळ्यापर्यंत जातात. तेथे पिवळसर रंगाचे होऊन ते वर्षानुवर्षे वाढतात. मग एका शरद ऋतूत त्यांचे पोट रुपेरी होते, डोळे मोठे होतात, खाणे सुटते, आणि ते समुद्राकडे निघतात.

या वृत्तांतात सर्व काही निर्दोष होते, असे मात्र नाही. श्मिट यांना आपल्या निष्कर्षाविषयी इतका विश्वास होता की, जेथे पुरेशी जाळी ओढली नव्हती तेथेही त्यांनी नकाशावरील वळसे बेधडक जोडले. १९८५ मध्ये त्यांच्या नोंदी पुन्हा बारकाईने तपासण्यात आल्या, तेव्हा या उणिवा पुढे आल्या. पिलाच्या प्रवासाला नेमका किती काळ लागतो, यावरही पुढे पुष्कळ वाद झाला. तथापि मुख्य निष्कर्ष अढळ राहिला. श्मिट यांच्यानंतर त्या पाण्यात गेलेल्या मोहिमांनाही सर्वांत लहान पिले सारगॅसोतच सापडली.

१९२८ मध्ये श्मिट डाना घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. या दोन वर्षांच्या सफरीचा खर्च कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानने उचलला. पॅसिफिक व हिंदी महासागरांतील ईलची जन्मस्थाने शोधावीत, खोल समुद्रातील प्राणी गोळा करावेत, हा तिचा हेतू होता. १९३० मध्ये डाना मायदेशी परतली, आणि त्याच वर्षी रॉयल सोसायटीने श्मिट यांना डार्विन पदक अर्पण केले. प्रदक्षिणेत गोळा केलेल्या अफाट संग्रहाचा अभ्यास करण्यास मात्र त्यांना फारसा अवधी मिळाला नाही. २१ फेब्रुवारी १९३३ रोजी इन्फ्लुएंझाच्या आजाराने कोपनहेगन येथे त्यांचे निधन झाले. ते अवघे छप्पन्न वर्षांचे होते. तो संग्रह पुढे अनेक शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे अभ्यासला.

श्मिट यांना जे साधले नाही, ते म्हणजे मोठ्या ईलच्या मागोमाग जाणे. त्यासाठी नवी साधने यावी लागली. आता नदीमुखांत वावरणाऱ्या मुशी आणि पाकट यांसारख्या माशांच्या अंगी ध्वनी करणारे छोटे यंत्र बसवितात आणि तळाशी ठेवलेल्या ग्राहक यंत्रांवरून ते भरतीला कोठे जातात, ओहोटीला कोठे थांबतात, पिले कोणत्या उथळ भागात वाढतात, हे जाणतात. दूर समुद्रात जाणाऱ्या माशाच्या पाठीला निराळ्या प्रकारचे यंत्र बांधतात. ते पाण्याची खोली व तापमान यांची नोंद ठेवते, ठरलेल्या दिवशी सुटून वर येते आणि उपग्रहाकडे संदेश पाठविते. २००६ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावरून असे ईल सोडण्यात आले. ते दिवसा खोल, काळोख्या पाण्यात उतरतात आणि रात्री वर येतात, हे त्यांच्या यंत्रांवरून कळले. परंतु त्यांचा माग सुमारे १३०० किलोमीटरपर्यंतच लागला.

पुढे २०१८ व २०१९ मध्ये अटलांटिकमधील अझोर्स बेटांवरून सव्वीस ईल सोडण्यात आले. अझोर्स हे वाटेतले ठिकाण. तेथून सारगॅसो त्या मानाने जवळ पडते. २०२२ मध्ये या प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. पाच ईल सारगॅसो समुद्राच्या हद्दीत पोहोचले होते, आणि त्यांतील एक श्मिट यांनी दाखविलेल्या जन्मस्थानाच्या प्रदेशापर्यंत गेला होता. मार्गारेथे सेंट थॉमसजवळ फुटले त्याला तेव्हा एकशे नऊ वर्षे झाली होती.

दरम्यान युरोपातील ईल फार कमी झाले आहेत. नदीमुखांत येणाऱ्या काचेच्या पिलांची संख्या १९८० नंतर झपाट्याने घटली. नद्यांवरील बांध, पाण्याचे प्रदूषण, बेसुमार मासेमारी आणि परदेशांतून आलेला एक रोगकारक कृमी, ही त्याची काही कारणे. २००८ मध्ये या माशाची गणना नष्ट होण्याच्या अगदी उंबरठ्यावरील प्राण्यांत करण्यात आली. म्हणून ईलच्या वाटेचा शोध अजूनही चालू आहे, आणि जहाजे सारगॅसोत अजूनही जाळी ओढतात. पिले त्यांना मिळतात. ईलचे अंडे मात्र त्या समुद्रात अद्याप कोणाला सापडलेले नाही.